दोनशे डिग्री, आठ मिनिटं

दुकानातले सगळे तिला मावशी म्हणायचे. मॅनेजर तिच्याहून चारच वर्षांनी लहान, पण तोही मावशीच म्हणायचा. इथे येण्याआधी अठरा वर्षं ती एका बेकरीत होती. पाव, बन, केक, काय म्हणाल ते तिच्या हातून गेलेलं. बेकरी बंद झाली आणि ती या घरगुती उपकरणांच्या दुकानात लागली. काम दिसायला सोपं होतं. पांढरा एप्रन घालून टेबलामागे उभं राहायचं आणि एअर फ्रायरमध्ये दालचिनीचे रोल आठ मिनिटांत कसे होतात ते गिऱ्हाइकांना करून दाखवायचं.

फक्त ते होत नसत.

मशीनबरोबर एक पुस्तिका यायची. तिच्यात छापलं होतं: दोनशे डिग्री, आठ मिनिटं. पहिल्याच दिवशी मावशीने तसं केलं तेव्हा वर कोळसा झाला आणि आत बोटाला चिकटणारं कच्चं पीठ राहिलं. तिने मॅनेजरला बाजूला घेतलं.

"साहेब, मशीन चांगलं आहे, आकडा चुकलाय. मोठ्या ओव्हनचा आकडा कोणीतरी तसाच उचलून छापलाय. इथे पंखा आहे, गरम वारा थेट डोक्यावर येतो. एकशे साठवर बारा मिनिटं ठेवायला पाहिजे."

मॅनेजरचा टाय कायम खांद्यावर टाकलेला असायचा, जसा काही तोच स्वयंपाक करणार होता. तो हसला. "मावशी, बाहेर एवढ्या मोठ्या पाटीवर आठ मिनिटं लिहिलंय. बारा मिनिटं कोण उभं राहतं? आणि पुस्तिका चुकलीय म्हणालो तर मशीन कोण घेईल?"

दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराने एक खोका यायला लागला. मागच्या गल्लीतल्या बेकरीतले ताजे रोल. मावशीने कच्चे रोल मशीनमध्ये ठेवायचे, आठ मिनिटं गप्पा मारायच्या, टेबलाखाली वाकून ट्रे बदलायचा आणि भाजलेले रोल वर आणायचे. लोक "वा!" म्हणायचे. पाच आठवडे तिने हे केलं. घरात ती आणि थोरली नणंद दोघीच, नोकरी हवीच होती. पण या कामात आपला हात इतका सफाईने चालतो याचाच तिला दिवसेंदिवस राग यायला लागला होता.

एका गुरुवारी दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, बारीक, चष्म्याला दोरी, हातात कापडी पिशवी. मावशीला त्यांचा चेहरा आठवला. महिन्याभरापूर्वी त्यांनी तिच्याच टेबलावरचा रोल खाऊन मशीन घेतलं होतं. बाई गर्दी पांगायची वाट बघत कडेला उभ्या राहिल्या आणि मग हळूच पुढे आल्या.

"ताई, मला मशीन परत नाही करायचं. मला फक्त विचारायचंय, की मी काय चुकते?"

मावशीने हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

बाईंनी पिशवीतून एक वही काढली. चाळीस वर्षं ग्रंथालयात काम केलं, असं त्या म्हणाल्या. अक्षर बघूनही कळत होतं. पानावर पट्टीने ओढलेले रकाने होते: तारीख, पीठ किती, दही किती, डिग्री, मिनिटं आणि शेवटी शेरा. सात ओळी. साती ओळींत दोनशे आणि आठ. शेरा असा: "वर जळाले, आत कच्चे. माझीच चूक." दुसऱ्या ओळीत पुन्हा, "आत कच्चे. माझीच चूक." सातव्या ओळीत फक्त दोन शब्द होते: "माझीच चूक."

"सात वेळा केलंत?" मावशीने विचारलं.

"करावं लागलं." बाई आवाज खाली करून म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी मी वाचता वाचता शेगडी चालू विसरले. भांडं जळालं, बाकी काही नाही. पण मुलाने शेगडी काढून नेली. म्हणाला, आई, आता तुला आठवत नाही. म्हणून मग हे घेतलं. आपलं आपण बंद होतं ना. तर हेही जमेना. त्याने एक जळका रोल पाहिला, पुस्तिका वाचली आणि म्हणाला, लहान मुलालाही जमेल असं लिहिलंय आई, तुला वाचून पण समजत नाही का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याने एक जागा बघून ठेवलीय. देखभाल होते म्हणे तिथे. रविवारी येणार आहे बोलायला. मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय. तुमच्या हातून इतके सुरेख होतात. मी समोर उभी राहून बघितलं होतं."

तेवढ्यात मॅनेजर आला. त्याने वहीवर एक नजर टाकली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या गोड आवाजात म्हणाला, "आजी, वय झालं की होतं असं. घरात कोणी तरुण माणूस असेल तर त्याला करू द्या ना. मशीन एकदम सोपंय."

"हो," बाई म्हणाल्या. "मुलगाही हेच म्हणतो."

त्या "हो"ने मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. बाई भांडल्या असत्या, ओरडल्या असत्या, तर कदाचित ती गप्प राहिलीही असती. पण त्यांनी मान डोलावली. महिनाभर ही बाई घरी बसून स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावत होती आणि इथे आपण टेबलाखाली वाकून ट्रे बदलत होतो.

तिने मॅनेजरच्या खिशातलं पेन उपसलं. वही स्वतःकडे ओढली. पहिल्या ओळीतलं "माझीच चूक" खोडलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सातव्या ओळीला कागद फाटला.

"मावशी, काय करताय?" मॅनेजर म्हणाला.

मावशी खाली वाकली आणि खोका वर काढून टेबलावर आपटला. आवाजाने आठ-दहा माणसं वळून बघायला लागली.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "हे रोल मागच्या गल्लीतल्या बेकरीतले आहेत. पाच आठवडे मी लोकांना हेच खायला घातलेत. या मशीनमधून यातला एकही निघालेला नाही. मी खोटं बोलत होते. रोज. हसून."

समोर एक गृहस्थ तोंडात रोल कोंबून उभे होते. त्यांना गिळावं की थुंकावं कळेना.

"मावशी, आत चला," मॅनेजर दातओठ खाऊन म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"येते ना. आधी या बाईंना उत्तर देते. महिनाभर थांबल्यात त्या."

टेबलावर दोन मशीनं होती. मावशीने दोन्ही चालू केली. मग परातीत मैदा घेतला, त्यात बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि घट्ट दही. यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही. "मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं," ती बाईंना म्हणाली, पण बोलत होती सगळ्यांशी. "जास्त मळलं की चामडं होतं." तिने गोळा लाटून चौकोनी पोळी केली, मऊ लोणी फासलं, वर तपकिरी साखर आणि दालचिनीची पूड पसरली, कडेला बोटभर जागा सोडून घट्ट गुंडाळी केली. मग सुरी बाजूला ठेवली आणि शिवणाचा दोरा काढला. दोरा गुंडाळीखालून घातला, वर फुली मारून ओढला. रोल चेपला न जाता सुटला.

"सुरीने दाबला जातो," ती म्हणाली. "आणि ही शेपटी दिसतेय? ही खाली दडपायची. नाहीतर पंखा ती सोडवतो आणि जाळतो. हे पुस्तिकेत आहे का, साहेब?"

मॅनेजरने प्लगकडे हात नेला. ग्रंथपाल बाई मधे आल्या. आवाज न चढवता त्यांनी प्लगवर तळहात ठेवला. "मला बघायचंय," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं लोकांना "शांतता राखा" सांगितलेला तो आवाज होता. मॅनेजरने हात मागे घेतला.

पहिल्या मशीनवर मावशीने दोनशे डिग्री आणि आठ मिनिटं लावली. दुसऱ्यावर एकशे साठ आणि बारा. दुसऱ्यातले रोल छोट्या टिनात अंतर ठेवून मांडले आणि वर फॉइल घट्ट दडपून बसवलं, शेवटची चार मिनिटं काढायचं म्हणून.

"तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?" मॅनेजर कुजबुजला. "उद्यापासून येऊ नका."

"रोल भाजतायत. बारा मिनिटं थांबा, मग काढा मला."

कोणीतरी हसलं. गंमत म्हणजे एकही माणूस हलला नाही. बारा मिनिटं कोण थांबतं म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गर्दी वाढत गेली.

आठ मिनिटांनी पहिलं मशीन वाजलं. मावशीने रोल काढून मधोमध फोडला. वर काळा, आत पांढरं चिकट पीठ. तिने तो बाईंसमोर धरला. "तुमच्यासारखाच आहे का?"

"अगदी," बाई म्हणाल्या. "अगदी असाच."

"हा मी केलाय. अठरा वर्षं भट्टीपुढे काढलेल्या बाईने. माझ्या हातून असा झाला, तर तुमच्या हातून कसा होणार होता?"

दुसरं मशीन वाजलं तेव्हा दालचिनीचा वास पार टीव्हीच्या रांगेपर्यंत गेला होता. हे रोल सोनेरी होते, मधे मऊ. मावशीने पिठीसाखर दुधात कालवून वर ओतली. बाईंनी एक घास खाल्ला आणि तिथेच, मिक्सर आणि इस्त्र्यांच्या मधे, त्यांचे डोळे भरून आले. पण त्या रडल्या नाहीत. त्यांनी वही उघडली, आठवी ओळ आखली आणि आकडे लिहून घेतले.

मावशीने एप्रन काढून टेबलावर टाकला. स्वतःचं लाटणं तेवढं उचललं.

घरी पोचली तेव्हा नणंद शिवणयंत्रावर बसली होती. सगळं ऐकून तिने पाय थांबवला.

"म्हणजे वहिनी, नोकरी गेली."

"गेली."

"आणि तू त्या माणसाच्या खिशातलं पेन हिसकावलंस."

"हो वन्सं."

"ते परत दिलंस?"

मावशीने पर्स उघडली. पेन आतच होतं. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, पण मावशीचं हसू टिकलं नाही. "पाच आठवडे," ती म्हणाली. "त्या बाईला वेड लागायची वेळ आली, वन्सं. आणि मी काय केलं? एकदाच म्हणाले, आकडा चुकलाय. तो नाही म्हणाला, आणि मी गप्प बसले."

नणंदेने तिला समजावलं नाही. "मग आता?" एवढंच विचारलं.

"रविवारी त्या बाईंच्या घरी जाते. निघताना पत्ता विचारून घेतलाय."

रविवारी ती गेली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीला पुस्तकं, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर जिथे शेगडी होती तिथे चार पायांचे फिकट डाग. मुलगा आधीच आलेला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर रंगीत माहितीपत्रक. त्यावर बागेत बसून हसणारी म्हातारी माणसं होती.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"मी त्या दुकानातली. तुमच्या आईंना चुकीचं शिकवणारी," मावशी म्हणाली, आणि सगळं सांगितलं, खोक्यापासून.

त्याने ऐकून घेतलं. "ठीक आहे. पुस्तिका चुकली असेल. पण प्रश्न फक्त त्याचा नाहीये. आई, तुलाही माहितीय."

"मी करून दाखवते," बाई म्हणाल्या. "तू बस."

मावशी खुर्चीवर बसली आणि हात मांडीखाली घातले. कशालाही हात लावायचा नाही, असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. बाईंनी पीठ भिजवलं, लाटलं, लोणी फासलं, दालचिनी पसरली. गुंडाळी केली. दोरा लावला. आणि थांबल्या.

"साखर," त्या म्हणाल्या. "साखर घालायची विसरले."

मुलाने मावशीकडे पाहिलं आणि फक्त भुवया उचलल्या. बघितलंत?

मावशी ताडकन उठली. "काय बघायचंय त्यात? मी बेकरीत एकदा अख्ख्या घाण्यात मीठ विसरले होते. शहरभर अळणी पाव गेला. मालकाने शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच पीठ मळायला लावलं. माझी भट्टी कोणी उचलून नेली नाही!"

"ताई, बसा तुम्ही," बाई म्हणाल्या.

मावशी बसली. कारण बाईंचा चेहरा बदलला होता. त्यांनी गुंडाळी हलक्या हाताने उलगडली, वर साखर पसरली, पुन्हा घट्ट गुंडाळली. हात स्थिर होते. काप केले, टिनात मांडले, फॉइल बसवलं, आकडा लावला. मग हात पुसून मुलाकडे वळल्या.

"विसरले, आणि माझं मलाच आठवलं. हे दिसलं का तुला?"

"आई, मी तुझ्या काळजीपोटी..."

"गेल्या महिन्यात मी तुला अकरा वेळा फोन केला. तू चार वेळा उलट केलास. उरलेल्या सात वेळा काय म्हणालास? विसरलो ग, कामात होतो. मी तुझा फोन काढून नेला का?"

त्याने टेबलावरचं माहितीपत्रक सरळ केलं.

"मी वाचत होते. पुस्तक चांगलं होतं. भांडं जळालं, माझी चूक, मी कबूल केली. पण त्यानंतर तू मला एकदाही विचारलं नाहीस. येऊन पाना लावलास आणि शेगडी खांद्यावर टाकून गेलास. माझ्या घरातून! मी दोन महिने गार खाते आहे आणि तुझी माफी मागते आहे." त्यांनी माहितीपत्रक उचललं, नीट मधोमध घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. "हे घेऊन जा. तुझ्या म्हातारपणी उपयोगी पडेल."

मावशीने खिडकीबाहेर बघितलं. हसू दाबायला दुसरा उपाय नव्हता.

"तू किती ओरडतेस," मुलगा हळू आवाजात म्हणाला.

"अजून सुरुवात केलेली नाही. उद्या गॅसवाल्याला बोलावणार आहे मी. शेगडी आणून दे, नाहीतर नवी घेईन. आपोआप बंद होणारी मिळते, ती बघ माझ्यासाठी, बघायचंच असेल काही तर. आणि डॉक्टरांकडेही जाईन. तू म्हणतोस म्हणून नाही, मला जाणून घ्यायचंय म्हणून. डॉक्टर म्हणाल्या की आठवण कमी होतेय, तर पुढचं आपण बोलू. आपण. तू एकट्याने नाही."

मशीन वाजलं. बाईंनी रोल बाहेर काढले. कडेचा एक थोडा वाकडा होता, साखर बाहेर येऊन टिनाला चिकटली होती. मुलाने न विचारता हात पुढे केला. बाईंनी टिन मागे ओढला.

"आधी त्यांना," त्या म्हणाल्या.

मावशीने खाल्ला. साखर एका बाजूला जास्त झाली होती आणि तिने तसं सांगितलंही. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग मुलाला एक मिळाला. तो उभ्यानेच खात होता. अर्धा झाल्यावर तो थांबला आणि ओट्यावरच्या त्या फिकट डागांकडे बघत राहिला.

मावशी निघाली तेव्हा तो जिन्यापर्यंत मागे आला.

"मावशी, तुम्ही इतका वेळ बघितलंत आईला. खरं सांगा, ती ठीक आहे ना?"

तिच्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. बाई पलीकडच्या खोलीत होत्या, दार उघडं होतं, आणि हा प्रश्न तो एका परक्या बाईला जिन्यात विचारत होता.

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "त्या आत आहेत. बोलता येतं त्यांना. आत्ताच ऐकलंत की."

तो वळला आणि आत गेला. दार लागलं, आणि बंद दाराआडून बाईंचा आवाज पुन्हा चढलेला ऐकू आला. मावशी खाली उतरली. तिला दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी काम विचारायला जायचं होतं, आणि तिन्ही ठिकाणी ती आधीच सांगणार होती की हातचलाखीचं काम असेल तर नको.